कुंपणाकडे तोंड करून बसलेला कॅमेरा

मित्रांनो, तुम्ही या आवारात पाऊल टाकलंत तेव्हाच मला तुमचा संशय आला होता. राग मानू नका. मी एक जुना ट्रेल कॅमेरा आहे, आणि संशय घेणं हाच माझा धंदा. वाऱ्याने फांदी हलली तरी मी म्हणतो, कोण आहे ते? ऊब असलेलं काहीही समोरून सरकलं की मला जाग येते, मी टक्कन एक फोटो काढतो, खाली तारीख आणि वेळ छापतो आणि पुन्हा पडून राहतो. सध्या माझा मुक्काम ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला, डोंगराच्या पायथ्याशी, इग्नेशियसच्या घरामागच्या लिंबाच्या झाडावर आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते ग्लेनचं पहिलं कौतुक. ग्लेन मूळचा ठाण्याचा, इथे पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात इंजिनियर. इथे आल्यावर त्याला हरणांच्या शिकारीचा नाद लागला. शिकारीला जाण्याआधी हरणं कुठल्या वाटेने येतात, किती वाजता येतात, हे बघायला त्याने मला आणलं. एका मित्राच्या शेतावर मी सहा वर्षं उन्हापावसात काढली. ग्लेन कार्ड काढून बघायचा आणि म्हणायचा, "शाब्बास, म्हातारबुवा!" तेव्हा मी म्हातारा नव्हतो, पण मला ते आवडायचं.

पुढे व्हायचं तेच झालं. माझ्या पोटात बॅटऱ्या तशाच राहिल्या आणि पाझरल्या. मुंग्यांनी माझ्या काचेमागे घर केलं. मी उशिरा जागा व्हायला लागलो. समोर हरीण येऊन जायचं आणि माझ्या फोटोत नुसतं हललेलं गवत यायचं. एक फोटो काढला की पुढचा काढायला मला अख्खं मिनिट लागायचं. ग्लेनने मला गॅरेजमधल्या खोक्यात टाकलं आणि विसरला. मी आतल्या आत खूप चरफडलो, पण खोक्याला कुठे कान असतात?

मग २०२१ चा हिवाळा आला, इथला हिवाळा जूनमध्ये येतो, आणि पुन्हा लॉकडाउन लागलं. ग्लेनला शेतावर जाता येईना. त्याने नवा कॅमेरा मागवला होता, तो पोस्टात कुठेतरी अडकून पडला. त्याच सुमारास कारखान्याच्या पार्किंगमध्ये, मास्क लावून, दोन गाड्यांच्या अंतरावरून, सोबत काम करणारा इग्नेशियस त्याला म्हणाला, "ग्लेन, माझ्या वालाच्या शेंगा कोणीतरी नेतंय. तुझा तो कॅमेरा दे की."

"जुना आहे रे. झोपाळू झालाय."

"चालेल. मला चोर पकडायचाय, स्पर्धा नाही जिंकायची."

मित्रांनो, त्या वालाची गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. इग्नेशियस वसईचा. त्याच्या बाबांची तिथे वाडी होती. फेब्रुवारीत त्याने ब्लॅकटाउनच्या भारतीय दुकानातून वाल आणून इथे पेरले, तेव्हा बाबा व्हिडिओ कॉलवरून मांडव बांधून घेत होते. "डावीकडचा खांब ढिला आहे, मला इथून दिसतोय," असं ते वसईत बसून ओरडायचे. मे महिन्यात कोविडने ते गेले. इथून बाहेर पडायला परवानगी लागत होती आणि ती मिळाली तोवर सगळं आटोपलं होतं. इग्नेशियसने बाबांची मातीसुद्धा मोबाईलवर बघितली. बाबांच्या वाडीत एक रीत होती. कुठल्याही पिकाची पहिली तोड घरात शिजवायची नाही आणि बाजारात न्यायची नाही, ती शेजाऱ्याच्या दारात द्यायची. या वेलाची पहिली तोडसुद्धा बाबांच्या नावाने करायची असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि शेंगा भरायला आल्या तशा त्या रोज सकाळी कमी दिसायला लागल्या. वेल ओढलेले, पानं कुरतडल्यासारखी, बुडाशी दोन-चार शेंगा सुकत पडलेल्या.

"चोर असा शेंगा टाकून जातो का?" मार्था म्हणाली. मार्था त्याची बायको, हॉस्पिटलात कोविडच्या वॉर्डात नर्स.

"घाईत पडल्या असतील," इग्नेशियस म्हणाला. पण त्याच्या मनात पाल आधीच चुकचुकली होती आणि ती कुंपणापलीकडे बघून चुकचुकली होती.

कुंपणापलीकडे दत्तप्रसाद राहतो. दोघे एकाच वर्षी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आले, एका खोलीत राहिले, एका कुकरमधला भात खाल्ला. पुढे शेजारी शेजारी घरं घेतली. दत्तप्रसादची बायको शोभा वडिलांच्या आजारपणासाठी सांगलीला गेली आणि सरहद्दी बंद झाल्या. तिचा पक्का व्हिसा अजून व्हायचा होता, म्हणून तिला परत आणायला खास परवानगी लागत होती. दीड वर्ष झालं, अर्जावर अर्ज चालू होते. लॉकडाउन लागल्यापासून दत्तप्रसाद चहाला येईनासा झाला. नियमच होता तसा, पण इग्नेशियसच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. मार्था वॉर्डातून येते म्हणून हा आपल्याला टाळतो, बाबा गेल्यावरसुद्धा हा कुंपणावरूनच दोन शब्द बोलला, असं धरून इग्नेशियसने त्याच्याशी बोलणं सोडून दिलं.

मला झाडावर बांधतानाच चूक झाली. ग्लेनने फोनवर बजावलं होतं की कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांध आणि तोंड डोंगराकडे कर. इग्नेशियसने मला छातीच्या उंचीवर बांधलं आणि माझं तोंड वळवलं दत्तप्रसादच्या कुंपणाकडे. चोर कुठून येणार हे त्याने आधीच ठरवलं होतं. आणि खरं सांगतो, मीही ठरवलं. ज्याच्याकडे तोंड करून बसवतात त्याच्यावर माझा संशय जातोच.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मला जाग आली. माझ्यासमोर दत्तप्रसाद उभा होता, पायजम्यावर, आमच्या मांडवाशी, मुठीत शेंगा. मी फोटो काढला, सहा वाजून बारा मिनिटं. मग एक मिनिट मी धापा टाकत पडलो. पुढच्या फोटोत त्याचा एक पाय कुंपणावर होता, सहा तेरा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! किती वर्षांनी मी कोणालातरी रंगेहाथ पकडलं होतं.

इग्नेशियसने मागच्या अंगणातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते फोटो मार्थाला दाखवले.

"बघ. पंधरा वर्षांची दोस्ती. माझ्या बाबांच्या शेंगा."

"विचार त्याला."

"काय विचारू? फोटोत दिसतंय की! आणि लॉकडाउनमध्ये दुसऱ्याच्या आवारात शिरलाय. तक्रारीचा फॉर्म ऑनलाइन आहे. हे फोटो जोडतो आणि पाठवतो."

मार्था नुकतीच शिफ्टवरून आली होती. नाकावर मास्कचा वळ तसाच होता. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "शोभाचा अर्ज पुन्हा आत गेलाय. परवा तिचा मेसेज आला होता. अशा वेळी ह्याच्या नावावर पोलिसांची तक्रार लागली तर? काही होईल, नाही होईल, मला माहीत नाही. पण तो माणूस भीतीनेच मरेल."

"मग चोरी करायच्या आधी विचार करायचा."

"इग्नेशियस, तू बाबांचं दुःख त्याच्यावर काढतोयस."

त्याने फॉर्म भरला, फोटो जोडले, पण पाठवायचं बटण दाबलं नाही. "सोमवारपर्यंत थांबतो," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशीही मी दत्तप्रसादला पकडलं. मी माझं काम चोख करतो आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शुक्रवारी ग्लेनचा नवा कॅमेरा आला. ग्लेनने तो पार्किंगमध्ये इग्नेशियसच्या गाडीच्या टपावर ठेवला आणि लांब जाऊन फोन केला. "दोन्ही एकत्र लाव. कुठला किती पकडतो ते बघून मला सांग. आणि या वेळी तरी मी सांगतो तसा बांध, मेट. गुडघ्याइतका खाली, तोंड डोंगराकडे."

तर तो नवा गडी माझ्या पायाशी येऊन बसला. चकचकीत, काच स्वच्छ, डोळ्याचं पातं लवायच्या आत तीन फोटो काढणारा. माझा त्याच्यावर पहिल्या क्षणापासून संशय होता. इतक्या झटपट काम करणारा काहीतरी लपवतो, असं माझं मत. रविवारी सकाळी इग्नेशियसने दोघांची कार्डं काढली आणि टेबलावर बसून एकाशेजारी एक फोटो लावले. मी झाडावरून बघत होतो.

माझा फोटो, सहा चौदा. दत्तप्रसाद, मुठीत शेंगा.

मग नव्याचे. सहा अकरा, डोंगराकडच्या पडक्या तारेतून आत आलेली एक हरिणी आणि तिच्यामागे पाडस. सहा बारा, हरिणीचं तोंड वालाच्या मांडवात, पाडस खाली पडलेलं पान चघळतंय. सहा तेरा, दोघं उड्या मारून पळतायत आणि कडेला दत्तप्रसादचा हात, हाकलताना वर केलेला. सहा चौदा, दत्तप्रसाद खाली पडलेल्या शेंगा वेचतोय. सहा पंधरा, त्या शेंगा तो वेलाच्या बुडाशी ठेवतोय. सहा सोळा, खिशातून सुतळी काढून तुटलेला वेल खांबाला बांधतोय. सहा सतरा, कुंपणाकडे वळलेली त्याची पाठ.

इग्नेशियस उठून मांडवाशी गेला. ओढलेल्या वेलांना जागोजागी सुतळीच्या गाठी होत्या.

"मार्था, या गाठी तू मारल्यास ना?"

"मी? मला वाटलं तू मारल्यास."

तो तिथेच खाली बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, मित्रांनो. मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. माझी वेळ बरोबर, तारीख बरोबर, माणूस बरोबर. तरी माझ्या फोटोने एका भल्या माणसाला चोर ठरवलं होतं.

थोड्या वेळाने इग्नेशियस मास्क लावून कुंपणाशी गेला आणि त्याने हाक मारली. दत्तप्रसाद बाहेर आला, तोही मास्क लावून, चार पावलं लांब उभा राहिला.

"हरणं येतात हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू बोलतच नव्हतास. आणि कॅमेरा दिसला मला झाडावर. म्हटलं, तुला सगळं दिसतंच आहे." मग तो म्हणाला, "मांडव बांधताना तुझे बाबा ओरडायचे ते मला इथपर्यंत ऐकू यायचं. ते वेल तुटलेले बघवेनात."

इग्नेशियसने त्याला तक्रारीचं सगळं सांगितलं. न सांगता फॉर्म पुसला असता तरी चाललं असतं, पण त्याने सांगितलं. "पाठवलास का?" दत्तप्रसादने विचारलं. नाही म्हटल्यावर तो कुंपण धरून उभा राहिला. "नको पाठवूस रे," असं तो म्हणाला, तेव्हा तो रडत होता आणि इग्नेशियसही.

दुपारी इग्नेशियसने डोंगराकडची तार ओढून घट्ट बांधली आणि उरलेल्या शेंगा तोडल्या. जेमतेम एक पातेलं भरलं. ते त्याने कुंपणाच्या खांबावर ठेवलं. "पहिली तोड," तो म्हणाला. "बाबांच्या रीतीने ती तुझीच होती. तू चोरली असतीस तरी तुझीच होती."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली, नेहमीसारखी उशिरा. फोटोत खांबावर ठेवलेलं पातेलं आणि मागे फिरणाऱ्या सदऱ्याची बाही एवढंच आलं. पातेल्यात वालाच्या शेंगांची भाजी होती, शोभाने व्हिडिओ कॉलवरून शिकवलेली, थोडी करपलेली. रिकामं भांडं परत करणाऱ्यातला दत्तप्रसाद नव्हे. त्या फोटोवर कोणी संशय घेतला नाही.

ग्लेनने फोन करून निकाल विचारला. इग्नेशियस म्हणाला, "नवा तू घेऊन जा, फार हुशार आहे. जुना मला राहू दे."

"त्याचं काय करणार? उशिरा जागा होतो तो."

"मीपण," इग्नेशियस म्हणाला.

तेव्हापासून मी इथेच आहे. माझं तोंड अजून त्याच कुंपणाकडे आहे, कारण पातेली तिथूनच येतात आणि तिथूनच जातात. मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल तर त्याच्या बॅटऱ्या काढून ठेवा आणि काच अधूनमधून पुसा. आणि त्याने दाखवलेला फोटो कितीही खरा असला, तरी त्यातल्या माणसाला एकदा हाक मारून विचारा, की त्याच्या आधी काय झालं होतं. मला ते माहीत नसतं. मी तेव्हा झोपलेला असतो.