मागचं दार

थोरलीचं लग्न ठरलं त्या वर्षी आईने पोशाखासाठी बाजारातली सगळी दुकानं पालथी घातली, पण चौकातल्या मोठ्या दुकानाची पायरी काही चढली नाही. तिथे तसाच पोशाख निम्म्या किमतीत मिळत होता. ते ज्या कंपनीचं दुकान, तिच्याच कारखान्यात आईची धाकटी बहीण शिलाईला होती. कारखान्याला आग लागली तेव्हा मागच्या दाराला कुलूप होतं, ती आतच राहिली. तेव्हापासून त्या कंपनीचा साधा रुमालही घरात आला नव्हता.

वडील बस चालवायचे. बायकोला ते न्यायाधीशबाई म्हणून चिडवायचे, पण स्वतःचे सदरे मुकाट्याने दुसरीकडून महाग घ्यायचे. थोरलीने हे लहानपणापासून सोसलं होतं. वर्गातल्या सगळ्या पोरींकडे होता तो कोट तिला कधी मिळाला नाही. या वेळी ती हटून बसली.

"आई, आपल्या पैशांवाचून त्यांचं काय अडणार आहे?"

"काही नाही."

"मग?"

"त्यांचं अडावं म्हणून नाही गं. देताना माझा हात पुढे होत नाही."

थोरली म्हणाली, इतकी वर्षं झाली, मालकही बदलले, आता कुठे तसं राहिलं असेल. आई बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मग सुई डबीत ठेवून उठली आणि म्हणाली, चल, बघून येऊ.

पोशाख थोरलीला असा शोभला, की आईने पिशवीतून पाकीट काढलं. तसंच हातात धरून ती दुकानाच्या मागच्या टोकाला गेली. खोक्यांच्या आड दार होतं. तिने ढकलून पाहिलं.

"काकू, तिकडून नाही," विक्रीवरची मुलगी म्हणाली. "कुलूप असतं. चोऱ्या होतात ना."

"किल्ली?"

"साहेबांकडे. जेवायला गेलेत."

आई वळली, तर मागे थोरली उभी, अंगात तोच पोशाख. आईने पाकीट तिच्या हातात दिलं.

"लग्न तुझं आहे. तू ठरव."

थोरली आत गेली आणि स्वतःच्या जुन्या कपड्यांत बाहेर आली. पोशाख घडी करून तिने टेबलावर ठेवला. आता निघायचं, असं समजून आईने पिशवी खांद्याला लावली. पण थोरलीने कोपऱ्यातली दोन स्टुलं ओढली आणि त्या दारासमोर मांडली.

"बस आई. साहेब येऊ देत."

विक्रीवरची मुलगी आधी घाबरली. मग तीच हळूहळू खोकी बाजूला सारू लागली.

लग्नातला पोशाख आईने घरीच शिवला. त्याची एक बाही जरा आखूड झाली होती.

मावशी गेली ती थोरली जन्मली त्या साली, हिवाळ्यात. तेव्हा तिचंही लग्न ठरलेलं होतं.