घाऱ्या डोळ्यांचा दोस्त

करडी गावच्या शाळेच्या भिंतीवरचा दोस्त तुम्ही पाहिला नाही, म्हणून मला खोटारडा म्हणाल. म्हणा. त्या भिंतीसमोर रोज तंबाखू मळत मी बसायचो, तुम्ही नाही.

एकाहत्तरचं साल. लढाई पेटायच्या बेतात होती. भंडाऱ्याहून एक साहेब रशियाशी झालेल्या दोस्तीचं पोस्टर घेऊन आला. त्यात आपला आणि रशियाचा नकाशा, समुद्रात जहाजं, आणि नकाशावर उभे राहून हात मिळवणारे दोन शिपाई. तेच भिंतीवर मोठं काढायचं होतं. काम मिळालं डोमाला. डोमा गणपती-शारदेच्या मूर्ती घडवणारा. रशियाच्या गोऱ्या शिपायाचा चेहरा त्यानं पोस्टरवरून उतरवला. आपल्या शिपायाला मात्र तेजरामचं नाक-तोंड दिलं. तेजराम गावातला एकटा फौजी, विधवा धुरपताबाईचा एकुलता एक.

डोळे डोमा सगळ्यात शेवटी उघडायचा, मूर्तीचे उघडतात तसे. त्याआधीच धुरपताबाई पदर खोचून हजर.

"डोमाजी, माह्या पोराचे डोळे उघडू नका."

"काहून वो?"

"डोळे उघडले का मूर्तीत जीव येते, असं तुमीच म्हंता ना? त्याचा जीव इथं भिंतीत आला, तं तिकडं लढाईत काय राह्यल? तो घरी येऊन आपल्या हातानं उघडन."

मी म्हटलं, "मंग त्या गोऱ्याचं काय?"

"त्याची माय कोठं हाये इथं, नाही म्हनाले?" डोमा हसला, आणि निळसर करड्या रंगात ब्रश बुडवून त्यानं गोऱ्याचे डोळे उघडले.

त्या दिवसापासून शाळेतल्या पोरी भिंतीपुढून जाताना झपाझप पाय उचलायच्या. पोस्टरातला गोरा आपल्या शिपायाकडे बघत होता. भिंतीवरचा नकाशात बघायचा, पूर्वेच्या कोपऱ्यात, तेजरामची पलटण होती तिकडं. बुबुळं आपण तिथं ठेवलीच नव्हती, असं डोमा शपथेवर सांगे.

डिसेंबरात धानाची मळणी चालू असताना, भर दुपारी, गोऱ्याचा हात कोपरापर्यंत ओला दिसला. मी बोट लावून पाहिलं. चिखल. आमच्या धानाच्या बांधीतला काळा नव्हे. पिवळसर, कुठल्याशा नदीचा.

महिन्याभरानं तेजराम परतला. डोळ्यांवर पट्टी. सुरुंग फुटला आणि तो नदीच्या गाळात गाडला गेला होता.

"कोनं तरी मनगट धरून वढलं, माय," तो म्हणाला. "हाताले ऑइल पेंटचा वास येत होता."

नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"मीच बंद ठेवाले लावले वो!" धुरपताबाई म्हणाली. मग पोराला धरून भिंतीपाशी घेऊन आली. डोमानं त्याच्या बोटांत ब्रश दिला, हात धरून आपल्या शिपायाचे डोळे रंगवायला लावले. रंग टेकला की ओघळून जाई. तीनदा ओघळला.

तेव्हा ती बाई गोऱ्याकडे वळली. पदर पसरला. "तुनं हात देल्ला, बाबा. मायचं आनखी एक आयक." बस, एवढंच बोलली.

सकाळी मी गेलो तर गोऱ्याच्या डोळ्यांच्या जागी नुसता कोरा चुना. तेवढ्यात धुरपताबाईची आरोळी ऐकू आली. धावलो. पट्टी खाली पडलेली, आणि तेजराम छपराचे कवेलू न्याहाळत होता. काळ्यासावळ्या पोराचे डोळे निळसर करडे, घारे. त्यानं आईकडे पाहिलं, आणि पहिल्या क्षणी तिला ओळखलंच नाही.

मग ओळखलं. पोरगा चांगला नांदला, लग्नही झालं. पण थंडीत कधी रिकाम्या बांधीकडे बघत म्हणायचा, "माय, केवढा बर्फ पडला वो!"

ब्याऐंशी साली सरपंचानं त्या भिंतीला चुना मारायला माणूस पाठवला. धुरपताबाई आडवी उभी राहिली. "त्याले दिसत नाही आता. चुन्याखाली जिता गाडता काय?" माणूस बादली घेऊन परत गेला.

रोज ती पळसाच्या पानावर भात घेऊन यायची आणि भिंतीला अगदी खेटून ठेवायची, आंधळ्याच्या हाताला लागेल असा. दुपारपर्यंत भात संपलेला. कावळे खात असतील म्हणता? मीही तेच म्हणायचो. पण जेवण झाल्यावर पान दुमडून बाजूला ठेवणारा कावळा मी तरी पाहिलेला नाही.