वीस मिलिमीटर

काटेवाल्यांनी बोनेटवर दोन्ही हात ठेवून सगळा जोर लावला आणि गाडीने पुन्हा तोच आवाज काढला, कर्रर्र. तीन दिवसांत या आवाजाने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. त्यांनी हातातला पान्हा फरशीवर आपटला. तो उडून त्यांच्याच नडगीवर बसला आणि चिडायला आणखी एक कारण मिळालं.

चाळीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेवाले म्हणे. किलोमागे दोन ग्रॅमचा फरक राहिला तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. एवढ्याने काय होतं, असं दुकानदार म्हणाला की ते काटा उचलून सरळ घरी घेऊन येत. निवृत्तीनंतर ही सव्वीस वर्षांची गाडी त्यांच्या तावडीत सापडली होती. किंवा ते तिच्या.

उद्या सकाळी बायकोला इस्पितळात न्यायचं होतं. तिचा आजार पाठीच्या मणक्यात उतरला होता. मागच्या खेपेला गाडी प्रत्येक खड्ड्यात अशी आपटली की ती ओठ चावून रडली. बोलली मात्र एक शब्द नाही, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, ती गाडी भंगारात घाला आणि टॅक्सी करा. पण टॅक्सीचं सीट खोल, त्यात पाठ वाकते. या गाडीचं सीट त्यांनी बायकोच्या पाठीच्या मापाने स्वतः भरलं होतं. टॅक्सीवाल्याला त्याचं काय पडलंय?

तर ते कामाला लागले. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती पार पिचली होती, सुरू केलं की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. ती रबरं बदलली, प्लग साफ केले. मग पुढची बाजू जॅकवर उचलून शॉकअप बदलले, चाकाच्या दांड्यांमधले रबरी बुश बदलले आणि सगळे बोल्ट दातओठ खाऊन आवळले. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं. पुढची बाजू मात्र पूर्वीपेक्षा ताठली आणि वर हा कर्रर्र.

शेवटी हात टेकून त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. बुशचे बोल्ट कधी आवळले, एवढंच त्याने विचारलं. जॅकवर असतानाच, ते म्हणाले.

"म्हणजे चाकं लोंबत असताना? अहो काटेवाले, गाडी खाली आल्यावर ते रबर पिळवटणारच की. सैल करा, चाकं जाड फळ्यांवर टेकवा, नेहमीचं माणूस बसवा आणि मग आवळा. तुम्हाला हे मी सांगायचं?"

काटेवाल्यांचा चेहरा पडला. भार दिल्याशिवाय काटा जुळवायचा नाही, हे त्यांनीच आयुष्यभर लोकांना शिकवलं होतं. न ऐकणाऱ्याला फैलावर घेतलं होतं.

चडफडत त्यांनी बोल्ट सैल केले, चाकं फळ्यांवर चढवली आणि बायकोला हाक मारली. ती भिंतीचा आधार घेत आली. सीटवर टेकायला तिला बराच वेळ लागला. ते धरायला गेले तर तिने हातानेच नको म्हटलं.

"मी काय करायचं?"

"काही नाही. बसून राहायचं."

"हे काम फार उशिरा दिलंत हो."

पट्टी घेऊन ते चाकाशी उकिडवे बसले. तीन वर्षांपूर्वी हेच स्प्रिंग टाकले, तेव्हा शेडच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: ही बसल्यावर वीस मिलिमीटर. चाक आणि मडगार्डमधली फट ती बसली की तेवढी कमी होई. आज रिकाम्या गाडीचं माप त्यांनी आधीच घेतलं होतं. आता पट्टी लावली. फट बाराने कमी झाली होती.

कुठेतरी काहीतरी अडकलंय, असं पुटपुटत त्यांनी गाडी हलवली. बाराच. पट्टी पुसली, चष्मा पुसला, पट्टीला शिव्या घातल्या. बाराच. जुना स्प्रिंग तर उलट जास्त दबायला हवा. इस्पितळात तिचं वजन पडद्यामागे होई आणि बाहेर येऊन ती दोनेक किलो उतरलंय म्हणे. त्यांनी कधी खोदून विचारलं नाही. हिशेब त्यांना करायचा नव्हता, पण चाळीस वर्षांची सवय, तो आपोआप झाला. तेव्हा ती पासष्ट किलोची होती. वीसला पासष्ट, तर बाराला एकोणचाळीस. त्यांना रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

"किती दबली हो?" तिने आतून विचारलं.

चाळीस वर्षांत त्यांनी कुणालाही खोटं वजन सांगितलं नव्हतं.

"वीस. होती तेवढीच."

तिने सीटच्या कडेवरून एकदा हात फिरवला.

"बरं," मग ती म्हणाली. "आवळा आता."

ते गाडीखाली सरकले आणि एकेक बोल्ट सावकाश आवळला. ती घरात गेल्यावर त्यांनी बोनेट दाबून पाहिलं. गाडी मऊ खाली गेली, मऊ वर आली. आवाज नव्हता.

दर दुरुस्तीनंतर भिंतीवर माप लिहायचा त्यांचा नेम होता. जुन्या ओळीखाली त्यांनी आजची तारीख घातली, मापाची जागा कोरी ठेवली आणि पेन्सिल कानावर खोचून हात धुवायला गेले.