पाण्यात सुटणारा सरस

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा डबा आहे. माझ्या वासाबद्दल आधीच माफी मागतो. माझ्यात चाळीस वर्षं सरस वितळला. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला सुताराचा डिंक. तो तापला की पाहुणे आपणहून उठतात.

जबलपूरच्या एका तांबटानं मला घडवलं. अंगावर ठोके पडत होते तोवर मी स्वतःला खिरीचं भांडं समजत होतो. मग त्यानं मला एका मोठ्या डब्यात बसवलं आणि माझा गैरसमज दूर झाला. बाहेरच्या डब्यात पाणी, माझ्यात सरस. पाणी उकळलं की सरस न करपता पातळ होतो. माझ्या आणि पाण्याच्या मध्ये जन्मभर एक पत्रा राहिला. वाळलेल्या सरसात पुन्हा पाणी शिरलं की तो धरलेलं सगळं सोडून देतो. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. कोणी विचारलं नाही, एवढंच.

माझे मालक अंबादास मिस्त्री. त्यांचे आजोबा नागपूरहून इकडे आले, आणि मी त्यांच्या वडिलांनी विकत घेतलेला. अंबादास तोफांच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात सुतारखात्यात होते. लढाई सुरू झाली आणि कारखान्याचा भोंगा दिवसातून तीनदा वाजू लागला. पूर्वी खात्यातली माणसं सुट्टीवर जायची. आता ती नुसतीच जायची.

एका सकाळी शेजारचे गुणवंत चहाला आले. ते कारखान्याच्या गोऱ्या साहेबांच्या ऑफिसात टाइपरायटरवर असत, त्यामुळे वाईट बातमी त्यांच्या बोटांतून आधी जाई. बारा मिस्त्री आसामला जाणार, आघाडीच्या मागच्या कामशाळेत, असं त्यांनी सांगितलं. आधीच्या तुकडीतून कोणाचं पत्र आलं का, असं अंबादासांच्या बायकोनं, विनताबाईंनी, विचारलं. गुणवंतांनी बशीतला चहा संपवला आणि बशी पालथी ठेवली.

"यादी साहेब स्वतः करून राहिले, भैया," ते म्हणाले. "ज्याच्यावाचून त्यांचं अडते, त्याले नाही पाठवत."

साहेबांचं एका सुतारावाचून काय अडणार? गुणवंतांच्या मते साहेबांचं जगात एकाच गोष्टीवाचून अडत होतं. दर रविवारी ते तिलवाऱ्याच्या पुढे नर्मदेवर महाशीर धरायला जात. गळावर पिसं आणि रेशीम बांधून केलेला खोटा किडा पाण्यावर फेकायचा आणि मासा फसायची वाट बघायची, हा त्यांचा धर्म. असे किडे विलायतेहून पेटीतून येत. आता पेट्या आणणारी जहाजंच बुडत होती, आणि शिल्लक किड्यांना खरे किडे लागले होते.

अंबादासांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगितलं, मी बनवतो. घरी येऊन त्यांनी विचारलं, महाशीर दिसतो कसा? आमच्या घरात मासा कधी शिजला नव्हता. त्याच्या जेवणाची सोय मात्र आता आमच्याकडे लागली.

पिसं मिळाली. मोराची एका मंदिराच्या आवारात, कोंबड्याची पनागरच्या बाजारात. गळ पकडीत धरायचा, त्यावर रेशमाचे वेढे द्यायचे, वेढ्यांत पिसं अडकवायची. हे हात सुताराचे, ते जमलं. प्रश्न शेवटच्या गाठीचा होता. तिच्यावर काय लावायचं? कारखान्यात विमानाच्या कापडाला लावतात ते रोगण होतं, त्याला पिकल्या केळ्यांचा वास येई. पण ते बाहेर नेणाऱ्याला तुरुंग होता. मेण उन्हात मऊ पडे. राळ वाळल्यावर तडकली. मग अंबादासांची नजर माझ्यावर पडली. ज्या सरसानं बापाच्या हातची कपाटं धरून ठेवली, तो दोन पिसं धरणार नाही?

मित्रांनो, मी त्या दिवशी जमेल तितका फसफसलो. त्यांनी विस्तव कमी केला.

किडा तयार झाल्यावर कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे परीक्षा झाली. तिथे सांधा पारखायची एकच रीत होती: वजन टांगायचं. किड्याचा गळ वर तुळईला अडकवला आणि त्याच्या पिसांना दोऱ्यानं विनताबाईंचा लोखंडी बत्ता बांधला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बत्ता अधांतरी राहिला, पीस हललं नाही. अंबादासांनी मान डोलावली. नव्या वस्तूला पाणी लागू नये म्हणून त्यांनी तो किडा कापसात गुंडाळून, डबीत घालून दिला. कोरडा ठणठणीत. नदीसाठी.

सोमवारी साहेबांनी अंबादासांच्या तळहातावर कागदाची पुडी ठेवली. पुडीत नुसता गळ आणि ओलं रेशीम होतं. साहेब रागावले नाहीत. ते म्हणाले, "मिस्त्री, ये तो नंगा हो गया," आणि यादीकडे वळले. संध्याकाळी गुणवंत दारातूनच बोलले. बारावं नाव अंबादासांचं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. रविवारपर्यंत ते पेन्सिलीचंच राहणार होतं.

अंबादास गळाकडे पाहत बसले होते. विनताबाई भांडी घासत होत्या.

"सरसच लावला होता नं?" त्यांनी विचारलं.

"बत्ता टांगून पाह्यला होता मी."

"मासा काय बत्ता घेऊन येते, अहो? पाण्यात काहून नाही टाकून पाह्यलं?" त्यांनी राखेनं भरलेला हात पुढे केला. मनगटात बाजारातल्या लाखेच्या बांगड्या होत्या. "दिवसभर पाण्यात आहेत माझ्यासंगं. यांचा एक तरी खडा सुटला का?"

त्या क्षणी माझी नोकरी गेली.

चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली गेली. पहिला हात पाण्यासारखा पातळ, म्हणजे तो रेशमात आत मुरतो. सावलीत वाळू द्यायचा. मग दुसरा, जरासा दाट, चकाकीसाठी. गळाच्या नाकात लाख बसली तर दोरी ओवता येत नाही, म्हणून ओलं असतानाच नाकातून एक पीस ओढून घ्यायचं. एकदाच जाड हात दिला तर वरून वाळतो, आत ओला राहतो. अंबादासांनी तेही करून पाहिलं आणि तीन किडे फेकले. चौथा दोन दिवस आंघोळीच्या बादलीत पडून होता. त्याला वगळून आंघोळ करायची सगळ्यांना सवय झाली. तो सुटला नाही.

रविवारी साहेबांनी तीस शेरांचा महाशीर काढला. सोमवारी गुणवंतांनी सांगितलं की पेन्सिल पुसली गेली. घरात खोव्याची जिलबी आली, आणि मी माळ्यावर गेलो. बारावा म्हणून सुतारखात्यातला दुसराच कोणी गेला. त्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. मी माळ्यावरून ऐकत होतो, म्हणून सांगतो.

दोन महिने किडे बनत राहिले, एकाहून एक. साहेब ते मित्रांना दाखवत. खात्यात अंबादासांना खुर्ची मिळाली. मग साहेबांचीच बदली झाली, आसामला. तिथे नद्या मोठ्या आहेत आणि महाशीर त्याहून मोठे, असं त्यांनी कुठेसं वाचलं होतं. सोबत न्यायच्या माणसांची यादी त्यांनी खुशीत केली. पहिलंच नाव शाईनं.

"त्यांचं तुमच्यावाचून अडते, भैया," गुणवंत म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला माळ्याच्या फटीशी कान लावावा लागला. मला कान नाहीत. तरी लावला.

विनताबाई उठल्या. त्यांनी मनगटातल्या बांगड्या काढून फडताळात ठेवल्या.

तीन महिन्यांनी कार्ड आलं. गुणवंतांनी वाचून दाखवलं. पाऊस फार आहे. साहेब किडे बांधायला नदीवर सोबत नेतात. नदीच्या पलीकडे, आणि इथून पुढच्या दोन ओळी लष्कराच्या टपाल तपासणाऱ्यानं काळ्या शाईनं खोडल्या होत्या. त्यांच्यानंतर लिहिलं होतं: साहेबांची माशांची पिशवी धरायला आता दुसरा माणूस दिला आहे. घरचा सरस पाठव. लाख संपली असं सांगीन.

तपासणाऱ्याला सरसात काही धोका दिसला नाही.

विनताबाईंनी शिडी लावून मला खाली काढलं. घरात सरसाच्या अवघ्या पाच वड्या उरल्या होत्या. त्या बांधून झाल्या, तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी मला चुलीवर ठेवलं आणि माझ्या बुडाशी, कडेला, कानाकोपऱ्यात वाळून बसलेला सरस विरघळवून कापडावर ओतला. तो वाळल्यावर त्याच्याही वड्या पाडल्या. माझ्या आयुष्यात मी इतका स्वच्छ कधी झालो नव्हतो. त्या मला खरवडत होत्या आणि पुटपुटत होत्या, "सुट रे बाबा. पहिल्या पाण्यातच सुट."

मित्रांनो, डब्याला अशी विनंती कधी कोणी केली नसेल. सरस माझ्यातून गेला तेव्हा मी त्याला तेच सांगितलं.

त्यानंतर कार्ड आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला. पोस्टमन गल्लीत शिरला की विनताबाई दार लावून घ्यायच्या. चौथ्या महिन्यात एका दुपारी दार वाजलं, ते त्यांनी उघडलंच नाही. मग बाहेरून आवाज आला, "अगं, मी आहे." अंबादास उभे होते, अर्धे झालेले, डाव्या कानानं बहिरे. हातात साहेबांच्या सहीचा कागद.

गुणवंतांना बोलावणं गेलं. कागद इंग्रजीत होता. त्यांनी अर्थ सांगितला: या माणसाचं काम अत्यंत निकृष्ट आहे. याच्या निष्काळजीपणामुळे नऊ मासे गेले. हा माणूस कोणत्याही उपयोगाचा नाही, याला परत पाठवावं.

"पुन्हा वाचा," विनताबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. गुणवंतांच्या खिशात त्या दिवशी आणखी एक कागद होता, घडी घातलेला, ऑफिसात टाइप केलेला. त्यावर सुतारखात्यातल्या, आता परत न येणाऱ्या माणसांची नावं होती. तो त्यांनी बाहेर काढला नाही, आणि अंबादासांनीही मागितला नाही. दोघं चहा पीत राहिले.

तर मित्रांनो, एवढीच विनंती. माझ्यासारखा डबा घरी असेल तर काम झाल्यावर त्याचं बाहेरचं पाणी ओतून टाका आणि त्याला पुसून कोरडा ठेवा. तांब्याला हिरवा कळंक फार लवकर चढतो. आणि कोणत्याही कामासाठी वस्तू निवडाल तेव्हा तिच्यावर बत्ता टांगून थांबू नका. ती कुठे सुटते तेही विचारून घ्या. आम्ही सांगतो. आम्हाला घाई नसते.