गिरणीच्या पट्ट्याची टिप

माझं तोंड मोठं आहे, कशेळ्यात कोणालाही विचारा. मोटारसायकलच्या सीटा शिवायचं माझं दुकान. गिऱ्हाईक म्हणतं, धनेशकडे सीट विकत मिळते आणि शिव्या फुकट. मिळत असतील. काम चोख देतो ना? पण त्या दिवशी कुंभिवलीला मला तोंड मिटून बसायला लागलं, आणि देवाशप्पथ, असा छळ माझ्या आयुष्यात झाला नव्हता.

हर्षला माझी पोरगी. तिची आई एका मुंबईवाल्याच्या फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. तिथे स्नूकरचं टेबल नुसतं धूळ खात पडलेलं. पोरगी आईबरोबर जायची, आणि चेंडू ढकलता ढकलता अशी तयार झाली की मालकच तिच्याकडून हरायला लागला. आता जिल्ह्याच्या संघात मुलींची एक जागा उरली होती. त्या जागेसाठी शेवटचा सामना कुंभिवलीला, हायवेवरच्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर. आमची हर्षला आणि खोपोलीची एक पोरगी. जिंकेल ती संघात, हरेल ती घरी.

काठी मालकाने दिलेली. पण काठीच्या टोकाला चामड्याची छोटी गोल चकती असते, तिला टिप म्हणतात, ती मात्र माझ्या हातची. विकतच्या टिपा आमच्याकडच्या पावसाळ्यात पावासारख्या मऊ पडतात. जुनी भातगिरणी मोडली तेव्हा तिचा चामड्याचा पट्टा मी मागून आणला होता. त्यातून गोल छिन्नी ठोकून चकती काढायची, दुधात भिजवायची, शिकंज्यात दाबायची, मग चुलीच्या राखेत पुरून ठेवायची. पट्ट्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं, ते राख ओढून घेते. तेल राहिलं तर काठीला चिकटवायचा गम धरत नाही, सगळी मेहनत पाण्यात. शेवटी खिडकीत कडक वाळवायची. हर्षला म्हणायची, "पप्पा, तुमच्या टिपेचा आवाजच वेगळा हाय." दुसऱ्या टिपेला ती हात लावायची नाही. मला काय, आभाळ ठेंगणं व्हायचं.

सामन्याला माझी आये पण आली. इंदूबाई. ठेवणीतलं लुगडं नेसून, मांडीवर पेढ्यांचा बॉक्स घेऊन. "नातीचा खेळ बघितल्याशिवाय मी मरायची नाय," म्हणाली.

तीन फ्रेमचा, म्हणजे तीन डावांचा सामना. पहिल्याच फ्रेमला हर्षलाने लांबचा लाल चेंडू असा घातला की मी उठून ओरडलो, "आरं वा! घाल गं, घाल!" पंच माझ्याजवळ आला. काळं जाकीट, कपाळावर आठ्या.

"काका, पुन्हा आवाज आला तर बाहेर काढीन. आणि खेळाडूला एक शब्द जरी सांगितलात, तरी ती फ्रेम तिच्या हातातून गेली."

बसलो गप. हर्षलाने मान वर केली नाही. मीच शिकवलं होतं तिला, खेळताना माझ्याकडे बघायचं नाही, मी येड्यासारखे हातवारे करतो.

एक फ्रेम हिची, एक तिची. तिसरीवर सगळं. लाल संपले, रंगीत चेंडू राहिले. हर्षला एकेक घालत चालली होती. तेवढ्यात आये माझ्या कानाशी लागली.

"धन्या, टिप कशी चमकतेय बघ. काल खिडकीत सुकून पार कोरडी ठाक झाली होती. मी खोबरेल चोळलं."

मी कुजबुजलो, "कधी?"

"सांजच्याला. चांगलं दोनदा. तुज्या बापाच्या वहाणा मी अशाच जपल्या. तो गेला, पण वहाणा तडकल्या नाय." आणि हसली, बोळकं दाखवत. पोरीसाठी आपण पण काहीतरी केलं, याचा केवढा आनंद त्या तोंडावर!

सकाळी चिकटवताना टिप तुकतुकीत दिसली होती. मला वाटलं, दाब छान बसलाय.

मग मला ऐकू यायला लागलं. माझी टिप चेंडूवर टप्प वाजते, भरीव. आता ती टक् वाजत होती, पोकळ. कडेने गम सुटत चालला होता. त्या खोलीत पन्नासेक माणसं होती, आणि हे एकट्या मला कळत होतं. हर्षलाला त्या गडबडीत कुठलं कळायला! तिने नुसता हात वर केला असता तर पंचाने काठी बदलू दिली असती. नुसता हात! मी खाकरलो. पंचाने बघितलं. मी अर्धवट उठलो, पंच माझ्या दिशेने पाऊल टाकायला लागला, मी परत बसलो. बघ गं माझ्याकडे, बघ, एकदा बघ, असं मनात ओरडत होतो. नाही बघितलं. बापाचं ऐकणारी पोरगी माझी.

निळा गेला. टक्. गुलाबी गेला. टक्. राहिला काळा, भोकाच्या तोंडाशी, आंधळ्यानेही घातला असता. जी घालील ती संघात. आये म्हणाली, "बॉक्स सोडू का रं?" मी तिचा हात धरून ठेवला.

हर्षला वाकली. काठी मागे नेली, मारली. काठी घसरली, पांढरा चेंडू वेडावाकडा, काळ्याला नुसता घासून भलतीकडेच गेला. हिरव्या कापडावर माझी टिप गोल गोल फिरून पडली. खोपोलीच्या पोरीने काळा घातला. टाळ्या तिला.

परतताना कर्जतहून कशेळ्याच्या जीपमध्ये बसलो, आये मधे. हर्षला काठीच्या उघड्या टोकावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "पप्पा, टिप तुमीच लावली ना?"

"हां."

"मग निघाली कशी?"

पेढ्यांचा बॉक्स अजून आयेच्या मांडीवर होता. सगळ्या जीपला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटत होतं मला. हळूच म्हणालो, "घाईत गम कमी पडला गं."

"पुढच्या वेळी मी विकतची लावीन," ती म्हणाली. काळजात सुरी गेली. 

उत्तर दिलं ते आयेने. "लाव, विकतची लाव. पण आदल्या दिवशी माझ्याकडं दे. तेल चोळल्याबिगर चामडं टिकत नाय."

हर्षलाने गर्रकन मान वळवली. आधी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दिवसभरात पहिल्यांदा बघितलं. मी मान हलवली, नको.

 मग तिने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"देईन, आजी," म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.