गल्ली आत बसली होती

माझा थोरला भाऊ नाट्यगृहाचा व्यवस्थापक आणि मी तिथला कपडेपट सांभाळणारी. दादा हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते.

कलेमुळे कोणत्या भागात किती जणांचं पोट भरतं, हे सरकारने मोजायला घेतलं होतं. जिथे भरतं तिथल्या नाट्यगृहांना दुरुस्तीचा पैसा, बाकीच्यांना टाळं. आमचं छत गळत होतं. पाहणीच्या बाई येणार म्हटल्यावर दादाने तिकीटविक्रीची वही उघडली.

"अर्धी तिकिटंसुद्धा गेली नाहीत," तो म्हणाला. "रिकाम्या खुर्च्या बघून त्या काय लिहितील?"

"रोजच्यासारखं असू दे ना. जे आहे ते दिसेल."

"तुला सुईदोऱ्यापलीकडचं काय कळतंय?"

नाटकवाल्यांचं हे असंच. छत डोक्यावर पडलं तरी चालेल, प्रयोग रिकामा दिसता कामा नये. दादाने सगळी गल्ली पालथी घातली. चहावाला, इस्त्रीवाला, सायकल स्टँडवाला, फुलवाली, सगळ्यांना बायकापोरांसकट फुकट आणून बसवलं. कपडेपटातले कोट मी त्यांच्या अंगावर चढवले. चहावाला नवरदेवासारखा ताठ बसला होता.

"ताई, इतकी वर्षं नाटक नुसतं भिंतीपलीकडून ऐकलं. आज बघतोय!"

मी त्याच्या कोटाची कॉलर नीट केली.

बाई आल्या. भरलेल्या खुर्च्यांवर त्यांनी एक नजर फिरवली आणि पहिला अंक संपायच्या आत उठल्या. त्यांच्यामागे दादा, दादाच्या मागे मी.

"प्रेक्षक आहेत, छान आहे," त्या म्हणाल्या. "पण मला बाहेरचं बघायचंय. नाटकामुळे या गल्लीत कोणाकोणाची चूल पेटते, ते."

बाहेर चिटपाखरू नव्हतं. चहाची टपरी बंद, इस्त्रीचं दुकान बंद, सायकल स्टँडला साखळी.

"प्रयोगाच्या वेळीही इथे असंच असतं?"

दादाने टपरीची फळी उगाच हलवून पाहिली. मी त्याला कोपराने ढोसलं. मग मीच तोंड उघडलं.

"बाई, ही सगळी माणसं आत बसलीत. आम्हीच बोलावून बसवलंय त्यांना."

बाईंनी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"हिचं काही मनावर घेऊ नका," तो म्हणाला. "आतले सगळे तिकीट काढून आलेत."

आतून हशा ऐकू आला. त्यात चहावाल्याचा आवाज मी ओळखला. बाईंनी बंद टपरीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि लिहून घेतलं.

नाट्यगृहाला टाळं लागलं, आणि मग गल्लीलाही. दादा आता घरीच असतो. त्याचा मला राग येतो, आणि त्याला जेवायला वाढताना तो राग टिकत नाही.

परवा चहावाला कोट परत द्यायला आला.

"इस्त्री करून आणणार होतो, ताई. पण इस्त्रीवाला गाव सोडून गेला."

"राहू दे तुलाच."

"घालून कुठे जाऊ?" त्याने विचारलं.

दादा आतल्या खोलीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो बाहेर आला नाही.