'होय' किंवा 'नंतर'

"नाही काढता येत काका हा," दुकानातली श्रुतिका म्हणाली आणि तिने फोन काउंटरवर ठेवला. "कंपनीच आत घालून देते. फोनबरोबरच येतो."

"म्हंजे माज्या घरात भाडेकरू बसवलाय की त्यांनी. मला न इचारता."

"तसंच समजा."

सहदेव पहाटे वाडीच्या नळाला पाणी सोडून, पहिली एसटी पकडून पोलादपुरात उतरला होता आणि स्टँडसमोरचं हे मोबाइलचं दुकान उघडेपर्यंत बाहेर फळीवर बसून राहिला होता. आज शिमग्याची पालखी वाडीत यायची होती. दुपारच्या आत या भाडेकरूचा बंदोबस्त झाला नाही, तर सगळ्या गावापुढे त्याचा भाऊ तोंडघशी पडणार होता. भाऊ जाऊन तीन महिने झाले होते, पण सहदेवच्या लेखी ते तसंच होतं.

त्या भाडेकरूचं नाव सूरसाथी, गाणी वाजवणारं ॲप. पूर्वी सहदेवच्या फोनवर गाणं लावायचं म्हणजे बोट ठेवायचं, की वाजायचं. दिवाळीनंतर एक दिवस फोन आपोआप बंद होऊन उघडला आणि आत हा येऊन बसलेला. काहीही लावा, हाच पुढे. आधी विचारणार, 'सोनेरी सदस्यत्व घ्यायचं?' खाली दोन चौकोन. एकात 'होय', दुसऱ्यात 'नंतर आठवण करा'. 'नाही' कुठेच नाही. सहदेवने चष्मा लावून शोधलं, फोन आडवा करून शोधलं. ज्याने हे बनवलं त्याला नाही हा शब्द शिकवलाच नव्हता, की मुद्दाम काढून टाकला होता, देव जाणे. आणि आठवण तरी किती निर्लज्जपणे करावी? सकाळी पाण्याचा कॉक फिरवत असावा, की खिशात टुणकन आवाज. 'सहदेव, आज मूड कसा आहे?' अरे, वाडीत सरपंचसुद्धा त्याला दादा म्हणतो. भावाच्या, मालोजीच्या, तेराव्याला पानं मांडली होती, तेव्हा या मेल्याने विचारलं होतं, 'आज पार्टी आहे का? नाचायला लावणारी गाणी ऐका!' सहदेवला तेव्हा शिसारी आली होती, ती अजून गेलेली नव्हती.

"पाण्याचा कॉक फिरवला की पाणी बंद होतं गो," तो श्रुतिकाला म्हणाला. "ह्याला कॉक कुठं हाय तेवढं दाखव."

श्रुतिका हसली. "नेट बंद ठेवा. नेटच नसेल तर जाहिरात येणार कुठून? नाहीतर दुसरा प्लेअर टाकून देऊ का?"

"नको बाय. एकच झेपत नाय."

तिने नेट बंद करून दाखवलं आणि फोनमध्ये भरून ठेवलेलं मालोजीचं देवीपुढचं गाऱ्हाणं लावलं. दुकानात भावाचा आवाज घुमला. खणखणीत, थोडा घोगरा. 'बाय वाघजाई, तुजी लेकरं तुज्या पायाशी हुबी हायत...' मध्ये काहीही आलं नाही. सहदेवने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन रुमालात गुंडाळून छातीशी ठेवला.

उमरठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत सत्तावीस घरांची ती वाडी. त्यातल्या अकरा घरांना वर्षभर कुलूप, माणसं मुंबईला. शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे देवीच्या त्या दगडी ओट्यावर, बसली की गाऱ्हाणं घालायचा मान मालोजीच्या घराचा. वरच्या आळीपासून खालपर्यंत एकेका घराचं नाव घ्यायचं, घरातल्या कर्त्याचं नाव घ्यायचं, पोटापाठी मुंबईला गेलेल्यांना सांभाळ म्हणायचं. दरडी आल्या त्या पावसानंतर मालोजीने स्वतःच्या मनाने एक वाक्य वाढवलं होतं, 'डोंगराला जाग्यावर बसव.' प्रत्येक घरानंतर तो थांबायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, 'व्हय म्हाराजा.'

हे 'व्हय म्हाराजा' पहिल्यांदा म्हणायचं काम सहदेवचं. मालोजीच्या डाव्या हाताला उभं राहायचं, तो थांबला रे थांबला की आवाज काढायचा, मग मागून गाव उचलायचं. चौतीस वर्षं त्याने एवढंच केलं. कुणी त्याला 'तू गाऱ्हाणं शिकून ठेव' म्हटलं नाही आणि त्यालाही सुचलं नाही. भाऊ होता ना.

तीन वर्षांपूर्वी त्याने सहज म्हणून भावाचं गाऱ्हाणं फोनमध्ये भरून घेतलं होतं. या वर्षी कोण घालणार म्हणून गावकी बसली, तेव्हा त्याने ते ऐकवलं. म्हातारे नाथूबाबा म्हणाले, "मंग झालं की. आवाज मालोजीचा, देवीच्या वळखीचा. लावा ह्येच." सगळ्यांना पटलं. मालोजीची बायको बायजा दाराआड उभी होती. नंतर ती सहदेवला एवढंच म्हणाली, "भावजी, नीट वाजूं दे हां. मदी तुटूं देव नका. तेंचं कंदी तुटलं नाय."

"नाय तुटायचं वयनी," सहदेव म्हणाला होता.

दुपारी पालखी सहाणेवर बसली. ढोल थांबले. मुंबईहून आलेला मालोजीचा मुलगा जितेश मोठा स्पीकर घेऊन आला होता. त्याने काकाच्या हातातून फोन घेतला आणि बोटं फिरवली.

"नेट नको चालू करूं," सहदेव म्हणाला.

"काका, हा सूरसाथी बोलतोय स्पीकर जोडायला पहिले नेट पायजे. जोडतो नि लगेच बंद करतो. टेन्शन नका घेऊ."

जोडलं. एवढ्यात नाथूबाबांनी हात वर केला, माणसांनी टोप्या सारख्या केल्या, डोळे मिटले, आणि घाईत जितेशने गाऱ्हाणं सुरू करून दिलं. नेट बंद करायचं राहिलं.

मालोजीचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. बायकांच्या घोळक्यात बायजाने पदर तोंडाशी घेतला. सहदेव आपल्या नेहमीच्या जागी उभा होता, डावीकडे, फक्त उजवीकडे माणसाऐवजी स्पीकर. पहिलं घर झालं. "व्हय म्हाराजा." दुसरं झालं. "व्हय म्हाराजा." डोळे मिटले की भाऊ शेजारीच होता. सहदेवचा ऊर भरून आला. पाच घरं झाली, सहा झाली. सातव्या घराला मालोजी म्हणाला, 'ठकूबाईच्या लेकरांना, बाय, मुंबईला...' आणि थांबला.

थांबला म्हणजे त्याला थांबवला. स्पीकरमधून एक बाई लाडात येऊन बोलली, "ऐकताना मध्येमध्ये अडथळा नको ना? मग आत्ताच घ्या सूरसाथी सोनेरी सदस्यत्व!"

आणि बाई थांबली.

"व्हय म्हाराजा," सहदेव म्हणाला. मागून सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा."

"तुमच्या संपूर्ण कुटुंबासाठी!"

"व्हय म्हा..." दुसऱ्या वेळी आवाज अर्ध्यात पडला. लोकांनी डोळे उघडले. मागे कुणीतरी पोर खुदकन हसलं आणि कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. बाई आता सदस्यत्वाचे फायदे सांगत होती. जितेश स्पीकरवर वाकून नुसती बटणं दाबत होता, त्याचे कान लाल झाले होते. पालखीसमोर नारळ, गुलाल, निरांजन, आणि त्यात ही बया पहिला महिना मोफत देत होती.

सहदेवला त्या बाईचा राग होताच, पण त्याहून किळस आली ती स्वतःच्या तोंडाची. पहिला आवाज त्याचा होता. देवीसमोर, गावाच्या वतीने, त्याने त्या भिकार धंद्याला होकार दिला होता. हे त्या सूरसाथीवाल्यांना बरोबर ठाऊक असणार. माणसाच्या तोंडी होय कसा बसलेला असतो हे ओळखूनच ते पोट भरत असणार.

त्याने पुढे होऊन स्पीकरची विजेची वायर उपटली. फोन खिशात घातला. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"आता रे?" नाथूबाबा हळूच म्हणाले. "अर्धं गाऱ्हाणं सोडून पालखी उचलता यायची नाय."

सहदेव चौतीस वर्षांची जागा सोडून उजवीकडे सरकला. भाऊ उभा राहायचा तिथे. हात जोडले.

"बाय वाघजाई," तो म्हणाला. आवाज चिरका, मालोजीच्या पासंगालाही न पुरणारा. "आत्ता जे व्हय म्हटलं, ते आमचं नव्हं. माज्या तोंडातून पयलं गेलं, चूक माजी हाय. त्येला आमचं व्हय नाय. नाय म्हाराजा."

नाथूबाबा म्हणाले, "नाय म्हाराजा." मागून इतरांनीही म्हटलं, अडखळत, कारण हा शब्द त्या सहाणेवर कुणी कधी उच्चारला नव्हता.

मग त्याने गाऱ्हाणं पहिल्या घरापासून परत घेतलं. नावं चुकली. दोन घरं मागेपुढे झाली, कुणाच्या नातवाचं नाव आठवेना, तर त्या घरातल्यांनीच खालून सांगितलं. ठकूबाईच्या लेकरांना मुंबईला सुखी ठेव म्हणून झालं. डोंगराला जाग्यावर बसव म्हणून झालं. त्याने असं ओढतओढत मालोजीच्या घरापर्यंत आणलं आणि तिथे त्याला एकदम कळलं, की फोनमधलं गाऱ्हाणं तीन वर्षांपूर्वीचं होतं. त्यात मालोजी स्वतःचं नाव जित्या माणसांत घेत होता. ते तसंच वाजू दिलं असतं तर तसंच देवीच्या कानावर गेलं असतं.

"माजा भाऊ मालोजी," सहदेव म्हणाला, "लय वरसं तुज्या पुढं हुबा राहिला. त्येला आता तुज्या पायाशी जागा दे."

तो थांबला. कुणीच काही म्हणेना. पहिला आवाज काढणारा माणूस आता इकडे उभा होता, आणि तिकडची जागा रिकामी होती.

बायकांच्या घोळक्यातून बायजा म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सहाणेवर बाईने पहिला आवाज काढायची रीत नव्हती. तिच्या मागून सगळं गाव म्हणालं. सहदेवच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो बाहेर काढला नाही, पुढचं घर घेतलं.